सक्तीची हजेरी

एम.एड.च्या पहिल्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकातून आत गेले, तेव्हा शिपाईकाका व्हरांड्यातल्या बाकावर आडवे झाले होते. माझी चाहूल लागताच ते दचकून उठले. आधी त्यांनी माझ्या मागं बघितलं, बरोबर कुणी पुरुषमाणूस आहे का म्हणून. मग माझी फिकट निळी साडी, तिच्यावरचा ब्लेझर, गळ्यातलं ओळखपत्र, हातातला डबा असं सगळं न्याहाळून विचारलं, "कावून आलात मॅडम?"

"कावून म्हणजे? आजपासून तास सुरू होणार ना."

"कुणाचे?"

मला वाटलं, माणूस अजून झोपेतच आहे. मी सावकाश सांगितलं की मी एम.एड. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. त्यांनी डोकं खाजवलं.

"ॲडमिशन झालं न्हाई का तुमचं?"

"झालं की."

"मग झालं तर. आता परीक्षेला यायचं. मधी कशाला उन्हातान्हात हेलपाटा घालता?"

इतक्या मायेनं बोलले ते, की मला रागावताही येईना. मी वर्ग कुठं आहे ते विचारलं. तो त्यांनाही जरा आठवावा लागला. व्हरांड्याच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत विद्यार्थ्यांची आचारसंहिता रंगवली होती. वर्गात वेळेवर यावे. गणवेशात यावे. व्हरांड्यात घोळक्याने उभे राहू नये. मी त्या व्हरांड्यात एकटी उभी राहून ते वाचत होते. हजेरीसाठी अंगठा लावायचं मशीन भिंतीला होतं, पण त्याच्यावरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं. वर्गात सगळ्या बाकांवर धुळीचा थर बसला होता. मी पहिला बाक रुमालानं पुसला, बसले, दुपारी डबा खाल्ला आणि चार वाजता उठून एस.टी. पकडली. दिवसभरात वर्गात एक चिमणी तेवढी येऊन गेली.

असं असतं हे मला अजिबात माहीत नव्हतं, असं म्हणणं भोळेपणाचं होईल. बी.एड. मी माहेरी असताना केलं होतं, तेव्हाही वर्गात निम्मे बाक रिकामे असायचे. पण निम्मे आणि सगळे यात फरक असतो की नाही? इथं आख्खं कॉलेज उभं होतं, पाटी होती, प्राचार्य होते, पन्नासेक विद्यार्थ्यांची नावं होती आणि विद्यार्थी म्हणून मी एकटी.

घरी हे सांगायची मात्र सोय नव्हती. आमचं गाव धर्मापुरीच्या अलीकडं. सासरे दोन वेळा सरपंच राहिलेले, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना आम्ही मामा म्हणतो. आमच्या घरातल्या बायका गावच्या फाट्यापलीकडं जायच्या त्या दवाखान्याला, लग्नाला नाहीतर माहेरी. नवरा चाकणला कंपनीत, सणावाराला येणार. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती आणि मी पाच वर्षं घरातच होते. एम.एड.चं मी नवऱ्याकरवी विचारलं, तेव्हा मामा म्हणाले होते, "घरी बसून होत असंल तर करू दे." त्यांना गावात दहा जणांनी सांगितलं होतं की घरी बसून होतं म्हणून. माझा जीव तिथंच खट्टू झाला होता. मला पदवीपेक्षा सकाळी उठून कुठंतरी जायचं होतं. काहीतरी शिकायला जायचं होतं. हे असं सरळ सांगायला तेव्हा जीभ रेटली नाही, आज सांगते.

प्रवेश झाला आणि कॉलेजनं एक नियमावली हातात दिली. मामांची एक पद्धत आहे. घरात आलेला शिक्क्याचा कुठलाही कागद ते चष्मा लावून, मोठ्यानं, सगळ्यांसमोर वाचतात. पंचायत समितीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं शिक्का असला की गोष्ट खरी. त्यांनी नियमावली वाचायला घेतली आणि एका ओळीवर थांबले. ऐंशी टक्के हजेरी सक्तीची, अन्यथा परीक्षेला बसता येणार नाही. 'सक्तीची' हा शब्द त्यांनी पुन्हा वाचला. मग चष्मा काढून सासूबाईंना म्हणाले, "आता सक्तीच हाय म्हणल्यावर काय करणार. जाऊ दे तिला." मी भाकरी थापत होते. आनंदानं माझा हात तव्याला लागला आणि भाजला, पण तोंडातून आवाज काढला नाही.

म्हणजे माझं रोज घराबाहेर पडणं त्या एका ओळीवर टांगलेलं होतं. ती सक्ती खरी नाही, तिथं कुणीच येत नाही, हे घरी कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी निळी साडी पेटीत गेली असती. म्हणून सासूबाईंनी "किती पोरी हायत वर्गात?" असं विचारलं की मी म्हणायची, "वर्ग लई मोठा हाय, आत्या." वर्ग खरोखरच मोठा होता.

आठवडाभरात प्राचार्यांनी बोलावून घेतलं. गोड बोलणारा माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला आणि एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "ताई, तुमची अडचण काय आहे?"

"काहीच नाही सर."

"नाही, रोज येता म्हणून विचारलं. घरी काही त्रास वगैरे?"

"नियमच आहे ना सर, ऐंशी टक्क्यांचा."

"नियम तर आहेच," ते हसून म्हणाले, "पण तो आम्ही सांभाळतो. तुम्ही कशाला काळजी करता?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. विद्यार्थ्यांसाठी केलेला नियम विद्यार्थ्यांना त्रास न देता पाळायची जबाबदारी कॉलेजनं घेतलेली होती. एवढी सेवा मी कुठं बघितली नव्हती. त्यात माझ्या येण्यानं इतरांची पंचाईत झाली होती. मी येते म्हटल्यावर कुणीतरी प्राध्यापकानं यायला हवं होतं. एक मॅडम मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुमच्या एकटीपायी मला केजहून यावं लागतं बघा." मी त्यांची माफी मागितली. वर्गात आल्याबद्दल बाईंची माफी मागणारी विद्यार्थिनी मीच पहिली असेन.

एक सर मात्र यायला लागले ते येतच राहिले. तासावर नेमलेले तरुण सर होते, मानसशास्त्र आणि संशोधन पद्धती शिकवायला. पहिल्या दिवशी आत आल्यावर त्यांनी वर्गाची दोन्ही दारं सताड उघडली, खिडक्या उघडल्या, टेबल ओढत ओढत दाराशी नेलं. तिथून शिपाईकाकांचा बाक दिसत होता, म्हणजे काकांनाही आम्ही दिसत होतो. मगच खडू हातात घेतला. ते इथलेच होते, त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "विद्यार्थी मित्रांनो," असं त्यांनी सवयीनं म्हटलं, रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि स्वतःच हसले. त्यानंतर ते मला ताईच म्हणाले.

ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. यात मला काही लपवायचं नाही. पोरगं हट्ट का करतं, वर्गात मुकं बसलेलं मूल नेमकं काय करत असतं, चार माणसांना विचारून चारशे माणसांबद्दल बोलायचं तर ती चार कशी निवडायची, असं काय काय सर शिकवायचे आणि मी वर्गभराचे प्रश्न एकटीच विचारायची. कधी कधी सर वैतागून म्हणायचे, "ताई, बाकीच्यांनाही संधी द्या." मग दोघंही रिकाम्या बाकांकडं बघून हसायचो आणि दारातून काकाही हसायचे.

प्रबंधासाठी मी आमच्या शिवारातल्या मेंढपाळांची मुलं घेतली. बिऱ्हाड हललं की त्यांच्या शाळेचं काय होतं, हा विषय. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात मी माझी प्रश्नावली छापायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "एवढं कशाला लिहिता? विषय सांगा, नाव टाकून आख्खा प्रबंध देतो, बांधणीसकट." आणि मला कव्हरचा रंग विचारायला लागला. नियमावलीत दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून देण्याबद्दल आख्खं पान होतं. ते पानही याच दुकानात छापलेलं असणार, असं मनात आलं आणि मी हबकलेच. सरांना सांगितलं, तर ते नुसतंच म्हणाले, "आपण आपलं करू." वाचायच्या पुस्तकांची नावं ते फोनवर पाठवायचे. त्यासाठी त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, 'सर' म्हणून.

दुसरं वर्ष निम्मं सरलं आणि कॉलेजची तपासणी करायला समिती येणार असं ठरलं. प्राचार्यांनी मला सांगायच्या आधी परस्पर मामांनाच फोन केला. पालक प्रतिनिधी म्हणून यावं, आपल्यासारखा मोठा माणूस बसला की शोभा येते, असं काहीबाही बोलले. मामा खूश. पांढरे कपडे कडक इस्त्रीचे काढले, टोपी नवी काढली. मला मात्र पुढचं दिसत होतं. मामा येणार, रिकामी इमारत बघणार, आणि माझं शिक्षण तिथल्या तिथं बंद होणार. सकाळी जीपमध्ये बसताना मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या.

जीप कॉलेजच्या फाटकात वळली आणि माझे डोळे विस्फारले. मैदान मोटारसायकलींनी आणि गाड्यांनी भरलं होतं. निळ्या साड्या, ब्लेझर, टाय. पन्नासच्या पन्नास जण हजर. मामांनी चौफेर बघितलं आणि म्हणाले, "कॉलेज मोठं हाय की." मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच हात जोडले. वाचले, असं वाटलं.

पुढचा तासभर मी नुसती चकित होत होते. एकीनं मला संडास कुठं आहे विचारलं. एकानं विचारलं, "मॅडम, आपला वर्ग कुठला?" दुसरी म्हणाली, "तुम्ही इथं शिकवता का?" मी सगळ्यांना वाट दाखवली. अंगठ्याच्या मशीनवरचं प्लास्टिक निघालं होतं. वर्गातले बाक पाण्यानं धुतले होते. प्राचार्य स्वतः एकेकाला जागा देत होते. माझा पहिला बाक त्यांनी एका नव्या कोऱ्या ब्लेझरवाल्याला दिला आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही मागं बसा. तुम्हाला काय, सगळं माहीतच आहे." दीड वर्ष पुसलेल्या बाकावरून उठून मी शेवटच्या बाकावर गेले. तिथंच माझं डोकं तापायला सुरुवात झाली होती.

समितीचे तिघं जण आले. मामांना इतर पाहुण्यांबरोबर भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं होतं. प्राचार्यांनी प्राध्यापकांची ओळख करून द्यायला घेतली. तपकिरी कोट, सोनेरी काडीचा चष्मा घातलेले एक गृहस्थ पुढं आले. "हे आमचे शैक्षणिक मानसशास्त्राचे प्रमुख," प्राचार्य म्हणाले. "संशोधन पद्धतीही हेच शिकवतात."

मी मान वर करकरून आमचे सर शोधले. ते कुठंच नव्हते. माझा बाक मागच्या दारालगत होता आणि दारात शिपाईकाका चहाचा ट्रे घेऊन थांबले होते. मी हळूच विचारलं, "काका, सर कुठं हायत?"

"त्यास्नी आज येऊ नका म्हणलंय," काका माझ्याकडं न बघता पुटपुटले. "ते कागदावर न्हाईत. कागदावर हे कोटवाले हायत."

मला ते समजायला क्षणभर वेळ लागला. समजलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. जो माणूस दीड वर्ष उन्हातान्हात येऊन एका विद्यार्थिनीला शिकवत होता, तो या कॉलेजात नव्हताच. आणि जो होता, तो खडू कुठं ठेवलाय म्हणून इकडं तिकडं बघत होता.

समितीचे अध्यक्ष वयस्कर, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "तास नियमित होतात ना?" आख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर." हे सकाळीच घोकून घेतलं होतं. मी तेवढी गप्प होते. त्यांचं नेमकं माझ्याकडं लक्ष गेलं.

"तुम्ही सांगा ताई. हे सर कसं शिकवतात?"

मी उभी राहिले. मामा खुर्चीत सावरून बसले. आपली सून साहेबांशी बोलणार, याचा अभिमान त्यांच्या तोंडावर दिसत होता. 'छान' एवढा एक शब्द पुरेसा होता. तो म्हटला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. माझं रोजचं जाणं, माझा प्रबंध, सगळं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा स्वभाव असा, की आग डोक्यात गेली की जीभ माझं ऐकत नाही.

"सर," मी म्हणाले, "ह्या सरांना मी आज पहिल्यांदाच बघतेय."

प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता अध्यक्ष प्राचार्यांकडं वळणार. पण त्यांनी चष्मा काढला, माझ्याचकडं बघितलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे ताई, तुम्ही तासांना येतच नाही?"

एवढा सरळ उलटा अर्थ निघू शकतो हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"मी रोज येते सर," मी म्हणाले. "मी एकटीच येते. बाकी कुणीच..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि वर्गाला विचारलं, "ह्या ताईंना तुमच्यापैकी कुणी वर्गात बघितलंय का?"

पन्नास माना माझ्याकडं वळल्या. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. आणि ते सगळे म्हणाले, "नाही सर." मला आजही नवल वाटतं ते याचंच. खोटं बोलायची त्यांना गरजच पडली नाही. त्यांनी मला वर्गात खरोखरच कधी बघितलं नव्हतं.

"जरा अनियमित आहेत सर," प्राचार्य पुढं सरसावले. त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला होता. "ग्रामीण भागातल्या मुली, घरच्या अडचणी असतात. आम्ही समजावतो." मग माझ्याकडं वळून हळू म्हणाले, "बसा ताई."

"शिपाईकाकांना विचारा," मी म्हणाले. "काका, सांगा ना."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. काकांनी ट्रेकडं बघितलं. कपबशा वाजत होत्या. "चहा निवायलाय साहेब," ते म्हणाले. त्यांना निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही, तेव्हाही आणि आताही.

मग अध्यक्षांनी मला उभं ठेवूनच भावी शिक्षकांच्या वर्तनाबद्दल थोडं सांगितलं. आपणच नियम पाळले नाहीत तर उद्या मुलांना काय शिकवणार, वगैरे. सगळं खरं होतं, एकही शब्द चुकीचा नव्हता. वर्ग माना डोलावत होता. मी मामांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडं बघत होते.

परतीच्या वाटेवर जीप मामाच चालवत होते, मी नेहमीसारखी मागच्या सीटवर. फाट्याच्या अलीकडं मेंढरांचा कळप रस्त्यावर आला आणि मामांनी इंजिन बंद केलं. मेंढरं दोन्ही बाजूंनी जीपला घासून जात होती. मामांनी मागं न वळता विचारलं, "मग रोज कुठं जात होतीस?"

तिथं कुणी येत नाही हे घरी कळेल, एवढीच भीती मी दीड वर्ष बाळगली होती. हा प्रश्न मला कुणी विचारील असं कधीच वाटलं नव्हतं.

"कॉलेजातच जात व्हते मामा. रोज. मी एकटीच जात व्हते, बाकी कुणी येत न्हाई तिथं. आज पयल्यांदा आलते सगळे."

"कुणी बघितलं तुला?"

"एस.टी.च्या कंडक्टरला विचारा."

"कंडक्टर काय सांगणार? उतरली म्हणून सांगंल. फुडं कुठं गेली, त्याला काय म्हाईत."

"वह्या हायत माझ्या. भरून ठेवल्यात."

"वह्या घरी बसून बी भरता येतात."

मी रडकुंडीला आले होते. "शिकवायला एक सर व्हते मामा. ते रोज यायचे. आज त्यांना येऊ दिलं न्हाई. त्यांना फोन लावा, ते सांगतील. नंबर हाय माझ्याजवळ."

मामा पहिल्यांदा मागं वळले. "कुणीच येत न्हाई तिथं, म्हणलीस ना?"

"हो."

"म्हंजी एवढ्या मोठ्या इमारतीत तू एकटी, अन् ते मास्तर." ते थांबले. "अन् त्याचा नंबर तुझ्याकडं कावून हाय?"

वर्गाची दोन्ही दारं उघडी असायची, टेबल दाराशी असायचं, काका समोर असायचे, हे सगळं ओठांवर आलं होतं. पण ते बोलून दाखवलं असतं, तर त्याचाही उलटा अर्थ निघाला असता. दारं कशाला उघडायची, मनात काही नव्हतं तर? सकाळपासून मी जे जे खरं बोलले होते, ते माझ्यावरच उलटलं होतं. मेंढरं निघून गेली. मामांनी जीप सुरू केली.

"मामा, जीप माघारी घ्या. शिपायाला बाजूला घेऊन विचारा. एकट्याला विचारलं तर सांगंल तो."

"विचारायला गेलो, तर समद्या तालुक्याला कळंल मी काय विचारायलोय ते," मामा म्हणाले. जीप त्यांनी थेट घरासमोर आणून लावली.

कॉलेज बंद झालं. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. सकाळी कुणी माझा डबा बांधायला सांगितलं नाही, एवढंच. साडी मी स्वतःच पेटीत घातली. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "पण तू तिथं बोललीस कशाला?" त्याचा विश्वास होता की नव्हता, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीनचार दिवसांनी सरांचा मेसेज आला, "ताई, बऱ्या आहात ना? चौथं प्रकरण पाठवा." मी तो वाचला आणि नंबरासकट काढून टाकला. काढताना मला हुंदका फुटला. पुढं कळलं, की विद्यार्थीच येत नाहीत म्हणून त्यांचे तास बंद झाले आणि ते लातूरला कुठल्याशा शिकवणीत लागले. समितीचा शेरा उत्तम आला होता म्हणे.

प्रबंध मी घरी बसून पुरा केला. परीक्षेला मामांनी जीपनं नेलं, पेपर सुटेपर्यंत लिंबाखाली बसून राहिले आणि परत आणलं. दोन वर्षं वर्गात न आलेले सगळे तिथंही होते. पास सगळेच झाले, मीही झाले, पहिल्या वर्गात.

कागदपत्रं आणायला मामा मला घेऊन गेले. प्राचार्यांनी उठून नमस्कार केला, मामांना स्वतःच्या शेजारी बसवलं, पेढा दिला. गुणपत्रकाबरोबर त्यांनी आणखी एक प्रमाणपत्र पुढं केलं. गोल शिक्का, सही, सगळं नीट. मामांनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचलं. उपस्थिती शंभर टक्के. वर्तणूक उत्तम. मग 'शंभर टक्के' पुन्हा वाचलं. मी प्राचार्यांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघून समजुतीनं हसले. त्यांना वाटत होतं, त्यांनी झालं गेलं भरून काढलं. शेवटचे कितीतरी महिने मी घरात चूल फुंकत होते, तेही त्या शंभर टक्क्यांत होते.

जीपमध्ये मामा पार बदलून गेले होते. मला त्यांनी पुढच्या सीटवर बसायला सांगितलं. प्रमाणपत्र काचेजवळ ठेवलं होतं, त्याच्याकडं ते सारखं बघत होते.

"शंभर टक्के," ते म्हणाले. "एक दिवस सुदिक चुकली न्हाईस."

मी काचेजवळच्या त्या शिक्क्याकडं बघितलं.

"मग त्या दिशी कावून सांगितलं न्हाईस, रोज जाते म्हणून?" त्यांचा आवाज इतका मऊ मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. "उगंच मनाला लावून घेतलं म्या."

मला खरंच वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते मनापासून विचारत होते.

"सांगितलं व्हतं मामा," मी म्हणाले. "ह्याच रस्त्यावर."

त्यांनी थोडा विचार केला. त्यांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

"हां," ते म्हणाले, "पण तू नुसतंच सांगितलं व्हतंस." आणि गावात वाटायला पेढे घ्यायचे म्हणून त्यांनी जीप दुकानासमोर उभी केली.